नेपल्स, चार दिवस, मोजके पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपल्सला मी दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा एकटी आणि दुसऱ्यांदा आईला घेऊन. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही इटलीचं ठरवायला लागलं की मला फोन येतो आणि मी तीच तीच उत्तरं देत बसते. ती एकदाची लिहून काढली आहेत. किमती अंदाजाने धरा, कारण युरोपात दर जानेवारीला काहीतरी वाढतंच. हिशोबाला सोपं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. प्रत्यक्षात थोडे जास्तच पडतील.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस सोडून नेपल्सच का?

ती तिन्ही सुंदरच आहेत. पण खिसा बेताचा असेल तर तिथे सतत आकडेमोड करत फिरावं लागतं. व्हेनिसने तर २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून शहरात शिरण्याचेच पैसे घ्यायला सुरुवात केली आहे.

नेपल्स ग्रीकांनी वसवलं, येशूच्या जन्माच्या जवळपास पाचशे वर्षं आधी. नाव दिलं नेआपोलिस, म्हणजे नवं शहर. त्या ग्रीकांनी आखलेल्या सरळ रेघांवरच आजचे रस्ते आहेत. व्हिया देई त्रिबुनाली नावाच्या गल्लीत तुम्ही पिझ्झा खात उभे असता, तेव्हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर उभे असता. १८६० पर्यंत ही एका स्वतंत्र राज्याची राजधानी होती, त्यामुळे राजवाडे, किल्ले, चर्च यांची रेलचेल आहे. १९९५ मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आणि या वारशात लोक राहतात. वर दोऱ्यांवर चादरी वाळत असतात, तिसऱ्या मजल्यावरची आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते आणि दुकानदार त्यात पाव ठेवतो. पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावात वाढलेल्या माणसाला इथे फार काही समजावून सांगावं लागत नाही. मोठा दरवाजा, आत चौक, चौकात कोणाची तरी स्कूटर आणि कोणाचं तरी भांडण.

किती दिवस हवेत?

चार रात्री. त्यात शहराचे तीन दिवस आणि पॉम्पेईचा, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या शहराचा, एक.

आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. एवढा व्हिसा काढला, एवढं विमानाचं तिकीट काढलं, तर रोमही करू, फ्लॉरेन्सही करू, पिसाचा मनोराही उरकू. मग रोज बॅग भरा, रोज स्टेशन गाठा, घाई म्हणून टॅक्सी करा, घाई म्हणून स्टेशनवरचं महागडं सँडविच खा. नेपल्समध्ये पैसे खाण्यापिण्यात जात नाहीत, घाईत जातात. एका शहरात तळ ठोका, खर्च आपोआप खाली येतो.

कधी जावं?

मार्चचा उत्तरार्ध ते मेची सुरुवात, नाहीतर ऑक्टोबर. मी पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेले, कारण सुट्टी तेव्हाच होती. उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा, आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आसपास घरगुती खानावळी सरळ कुलूप लावून समुद्रावर जातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत स्वस्त, पाऊस मात्र सोसावा लागतो. डिसेंबरचं एक वेगळं कारण आहे, ते खाली खरेदीत सांगते.

एकूण खर्च किती येतो?

दोघं एका खोलीत राहणार असं धरून, विमान आणि व्हिसा सोडून, माणशी चार रात्रींचा हिशोब असा. राहणं १६० युरो, खाणंपिणं १२५, तिकिटं आणि संग्रहालयं ६०, बस-मेट्रो-लोकल ३०, किरकोळ २५. म्हणजे ४०० युरो, साधारण चाळीस हजार रुपये. एकटे असाल आणि हॉस्टेलच्या खाटेवर झोपायची तयारी असेल तर याहून कमी. आईबरोबर गेले तेव्हा आम्ही यात बसलो, तेही रोज संध्याकाळी जिलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, खाऊन.

भारतातून निघताना खरा मोठा आकडा विमानाचा असतो. जर्मनी, नेदरलँड्स किंवा इंग्लंडात राहणाऱ्यांची मजा आहे. स्वस्त विमान कंपन्या थेट नेपल्सला उतरवतात आणि शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी काढली की काम भागतं. फक्त हातातल्या बॅगेचं माप आणि वजन घरीच तपासा. त्या कंपन्या तिकिटात वाचवलेले पैसे बॅगेत वसूल करतात.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राची फी वेगळी. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीत अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, त्यामुळे तारखा ठरल्या की पहिलं काम हेच. जर्मनी-नेदरलँड्सचा वैध रहिवासी परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. इंग्लंडचा असेल तर लागतो, यात बरेच जण फसतात.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. तेव्हा उतरल्यावर लगेचची पुढची गाडी धरू नका.

रोमला उतरून नेपल्सला कसं यावं?

वेगवान गाडी साधारण सव्वा तासात आणते. आगाऊ काढलं तर तिकीट स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट. दुसरा मार्ग प्रादेशिक गाडीचा, म्हणजे आपल्या पॅसेंजरसारखी. अडीच-तीन तास लागतात, पण भाडं बारा-पंधरा युरोच्या आसपास आणि ते शेवटच्या क्षणापर्यंत तेवढंच राहतं.

या गाडीचा एक नियम पाठ करा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवरचं असेल तर त्यात चेक-इन करायचं. पहिल्या खेपेला मी तिकीट पर्समध्ये जपून ठेवून ऐटीत बसले होते. तपासनीसाने तिकीट उलटं-पालटं केलं, शिक्का कुठाय म्हणून बोटाने खूण केली आणि दंडाची पावती फाडली. तिकीट होतं, पैसे भरले होते, तरी दंड. तो माणूस नियमाने वागला, पण दोन पिझ्झांचे पैसे गेले ते अजून आठवतात.

थेट नेपल्सच्या विमानतळावर उतरलात तर तो शहराला खेटूनच आहे. अलिबस नावाची बस साधारण ५ युरोत मुख्य स्टेशनवर आणि बंदरावर सोडते. टॅक्सी केलीच तर बसण्याआधी ठरलेला दर विचारा. ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ एवढे दोन शब्द उच्चारले की काम होतं.

राहायला कोणता भाग बरा?

जुन्या शहरात, म्हणजे व्हिया देई त्रिबुनालीच्या आजूबाजूला राहिलात तर सगळं पायी. गोंगाट मात्र रात्री एकपर्यंत. सानिता हा भाग पुरातत्त्व संग्रहालयाच्या मागे, थोडा स्वस्त आणि अस्सल. मुख्य स्टेशनचा पियाझ्झा गारिबाल्दी सगळ्यांत स्वस्त, पण रात्री बारा वाजता बॅग ओढत तिथून चालणं सगळ्यांना रुचणार नाही. आई-बाबा बरोबर असतील तर टेकडीवरचं व्होमेरो. शांत, नीटनेटकं, आणि खाली यायला मेट्रो व केबलने ओढली जाणारी फ्युनिकोलारे.

बुकिंग करताना तीन गोष्टी बघा. कितवा मजला आणि लिफ्ट आहे का. राहण्याच्या जागेचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत दिला आहे का, कारण आता इटलीत तो दाखवणं सक्तीचं आहे. आणि माणशी दर रात्रीचा शहर कर किमतीत धरला आहे का. बहुतेक वेळा नसतो, तो मुक्कामी वेगळा द्यावा लागतो.

लिफ्टची एक गंमत. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घराची लिफ्ट लाकडी, जाळीची, आणि नाणं टाकल्याशिवाय न हलणारी. १० सेंटचं नाणं. मालकीणबाईंनी किल्लीबरोबर नाण्यांची एक छोटी डबी आईच्या हातात दिली. चार दिवस आई ती डबी देवाच्या पैशांसारखी सांभाळत होती आणि ‘उतरताना लिफ्ट कशाला’ म्हणून मला जिन्याने पिटाळत होती.

शहरात फिरायला पास घ्यावा का?

जुनं शहर पायीच बघायचं असतं, त्यामुळे दिवसभराचा पास सहसा वसूल होत नाही. सुटं तिकीट दीड युरोच्या आतबाहेर. मेट्रोच्या गेटवर साधं बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं. कांपानिया आर्तेकार्ड नावाचं कार्ड मात्र हिशोब करून बघण्यासारखं आहे. त्याचे शहरापुरते आणि पूर्ण कांपानिया प्रांतासाठीचे असे प्रकार आहेत. पहिली दोन-तीन स्थळं आणि प्रवास त्यात येतो. पुरातत्त्व संग्रहालय आणि पॉम्पेई दोन्ही करणार असाल तर प्रांताचं कार्ड परवडतं. दोन्ही करणार नसाल तर नका घेऊ.

गाडी भाड्याने घेऊ नका. कारण विचारू नका, पोचल्यावर पाच मिनिटांत कळेल.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि नेपल्सबद्दल तो विचारणं म्हणजे कोल्हापुरात तांबडा रस्सा मिळेल का विचारण्यासारखं आहे. पिझ्झाचं हे माहेर. मार्गेरिता म्हणजे टोमॅटो, मोत्झारेल्ला, तुळशीच्या जातीचं बेसिल आणि तेल. मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजही नाही. इथे पिझ्झा करणाऱ्याला पिझ्झायुओलो म्हणतात आणि त्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आख्खा पिझ्झा ५ ते ८ युरो, एकाचं पोट भरून उरतं. मधला भाग ओलसर असतो, तो कच्चा राहिला म्हणून परत पाठवू नका. भट्टी इतकी तापलेली असते की दीड मिनिटात तो बाहेर येतो.

त्याहून स्वस्त पिझ्झा आ पोर्ताफोल्यो. छोटा पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात, पैशाच्या पाकिटासारखा, म्हणून हे नाव. दोन-अडीच युरोत दुपार निघते. खाताना थोडं पुढे वाका, नाहीतर कोपरापर्यंत ओघळ येतो.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मार्गेरिता घ्यावी, मारिनारा नाही. ‘सेन्त्झा आल्यो, सेन्त्झा चिपोल्ला’ म्हणजे लसणाशिवाय, कांद्याशिवाय.

आता सावध कुठे राहायचं ते. इथे अनेक जुन्या पदार्थांत डुकराची चरबी असते. तिला स्त्रुत्तो किंवा बोलीत सुन्या म्हणतात. खारी, मिरी घातलेली, कुरकुरीत तारल्ली दिसायला आपल्या खारीची बहीण, पण अस्सल नेपल्सची असेल तर तिच्यात हीच चरबी. स्फोल्यातेल्ला हा शंखासारखा, शेकडो पापुद्र्यांचा गोड पदार्थ, त्याचे पापुद्रे सुटतात तेही परंपरेने याच चरबीमुळे. मी पहिल्या खेपेला चार खाल्ल्या आणि नंतर कळलं. ‘सेन्त्झा स्त्रुत्तो?’ एवढं विचारा, दुकानदार खरं सांगतात. बटाट्याच्या क्रोक्केत कधी सलामीचे तुकडे असतात. फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी छान, पण ती सॉसेजबरोबर येते, एकटी मागावी लागते. आणि चीज बनवताना दूध गोठवायला वापरलेलं रेनेट प्राणिज असू शकतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी मारिनारा आहे, लसूणही नको असेल तर तो वगळायला सांगून.

वांग्याची पार्मिजाना मात्र सोडू नका. आईने एका घासात निकाल दिला, ‘भरताच्या वांग्याचं सोनं केलंय.’ तिच्याकडून एवढं कौतुक सहसा निघत नाही.

हॉटेलच्या बिलात न मागितलेले पैसे का लावतात?

त्याला कोपेर्तो म्हणतात, म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी दीड ते तीन युरो. मेनूवर छापलेलं असेल तर कायदेशीर आहे, वाद घालू नका. टिप द्यायची सक्ती नाही. पाणी बाटलीबंद आणतात, पण नळाचं पाणी पिण्यालायक आहे. बाटली भरून घ्यायला चौकाचौकांत कारंजी असतात.

कॉफीची गोष्ट वेगळी. काउंटरवर उभं राहून एस्प्रेसो घेतलात तर सव्वा-दीड युरो. तीच कॉफी खुर्चीत बसून घेतलीत तर दुप्पट किंवा अधिक. म्हणून सगळं शहर उभ्याने कॉफी पितं. आधी पाण्याचा छोटा ग्लास मिळतो, तो जीभ धुवायला. मग तीन घोटांत कॉफी, आणि बाहेर. इथे काफे सोस्पेसो नावाची जुनी रीत आहे. सोस्पेसो म्हणजे टांगून ठेवलेली. ज्याला परवडतं तो एक कॉफी पितो आणि दोनचे पैसे देतो. मागून कोणी अडचणीतला आला की त्याला ती कॉफी फुकट मिळते. प्रवासाचा सगळा हिशोब काटेकोर ठेवलात तरी एक सोस्पेसो द्याच.

एकही युरो न देता काय बघता येईल?

सकाळी लवकर स्पाक्कानापोली या सरळसोट रस्त्यावर या. नावाचा अर्थच नेपल्स चिरणारी. व्होमेरोच्या टेकडीवरून बघितलं तर खरंच कोणी सुरीने शहर कापलंय असं दिसतं. त्याच वाटेवर जेझू नुओव्हो चर्च आहे. बाहेरची भिंत हिऱ्यासारख्या टोकदार दगडांची, कारण ते मुळात एका सरदाराचा वाडा होतं. पुढे गेलात की दुओमो, म्हणजे मुख्य कॅथीड्रल. इथे संत जेन्नारोचं रक्त कुपीत ठेवलं आहे आणि वर्षातून तीनदा ते पातळ होतं का हे बघायला गाव लोटतं. मेच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला. पातळ झालं की शहराचं भलं, नाही झालं की सगळे धास्तावतात. आपल्याला हे काही परकं नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

तोलेदो मेट्रो स्टेशन २०१२ मध्ये उघडलं. खोल उतरत जाताना भिंतींचा निळा रंग गडद होत जातो, समुद्रात बुडावं तसा. मेट्रोचं तिकीट लागतं म्हणून फुकट म्हणता येणार नाही, पण ते तसंही काढलेलं असतंच. वर स्पॅनिश क्वार्टर्सच्या अरुंद गल्ल्या आणि मॅराडोनाचं भिंतभर चित्र. तिथे फुलं, स्कार्फ, फोटो वाहिलेले असतात. तो या शहराचा देव आहे, त्याच्यावर विनोद करू नका.

संध्याकाळी पेदामेन्तीनाच्या ४१४ पायऱ्या. व्होमेरोपर्यंत फ्युनिकोलारेने चढा आणि पायऱ्यांवरून उतरा, उलटं नको. समोर व्हेसुव्हियस ज्वालामुखी, खाली सगळं शहर.

मग पैसे टाकावेत कुठे?

पहिला मान राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाचा. तिकीट वीस युरोच्या आसपास, मंगळवारी बंद. पॉम्पेईतली चित्रं, भांडी, मोझेक इथे आणून ठेवली आहेत, त्यामुळे हे आधी बघा आणि पॉम्पेई नंतर. रिकाम्या घरांत मग काय होतं ते डोळ्यांपुढे येतं.

याच संग्रहालयात आपली एक बाई आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंचीची. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. इटालियन लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं. आता अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती त्या घरात होती, म्हणजे समुद्र ओलांडून ती त्याआधीच आली होती. आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती सापडल्या त्या कुठे, तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे जुनं तगर. पैठण आणि तगरचा माल भडोचच्या बंदरात जायचा, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात लिहिलं आहे. उलट्या दिशेचा पुरावा कोल्हापुरात आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या सागरदेवाची रोमन कांस्यमूर्ती मिळाली.

ही मूर्ती ठेवली होती ती ‘गुप्त कक्षात’. पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू एकोणिसाव्या शतकात सभ्य लोकांपासून दूर ठेवण्यासाठी ही खोली केली होती. दिवे, घंटा, चित्रं, सगळं एकाच विषयाचं. आईला घेऊन मी आत शिरले आणि कुठे बघावं कळेना. आई शांतपणे सगळ्या कपाटांसमोरून चालत गेली, मूर्तीपाशी थांबली, चष्मा वर करून तिच्या पायांतले वाळे आणि हातभर बांगड्या बघत राहिली. मग म्हणाली, ‘अगं, एवढी नटून आलेली बाई, हिला या लोकांत कशाला उभी केली?’ मूर्ती कधी प्रदर्शनासाठी बाहेरगावी जाते, तेव्हा जाण्याआधी तिथे चौकशी करा.

दुसरा मान सानसेव्हेरो चॅपेलचा. खोली एकच, तिकीट दहा-बारा युरो, पण आत जुझेप्पे सानमार्तीनो याने १७५३ मध्ये घडवलेला आच्छादित ख्रिस्त आहे. मृतदेहावर पातळ मलमल पसरली आहे आणि तिच्यातून कपाळाची शीर दिसते. मलमलही संगमरवराचीच, त्याच दगडात. ऑनलाइन तिकीट कित्येक दिवस आधी संपतं. हेही मंगळवारी बंद, म्हणून मंगळवार पॉम्पेईला द्या.

सरकारी संग्रहालयं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, पॉम्पेईसुद्धा. पैसे वाचतात, गर्दी मात्र आषाढीची. १८ वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत कधीही तिकीट नाही, कोणत्याही देशाची असोत. पासपोर्ट जवळ ठेवा.

पॉम्पेई की हर्क्युलेनियम?

दोन्हींना एकच लोकल जाते, चिर्कुमव्हेसुव्हियाना. मुख्य स्टेशनच्या जमिनीखालच्या मजल्यावरून सोरेन्तोच्या दिशेची गाडी धरा आणि पॉम्पेई स्काव्ही–व्हिला देई मिस्तेरी या थांब्यावर उतरा. पस्तीस-चाळीस मिनिटं, तीन-साडेतीन युरो. डबे जुने आणि भरलेले. मुंबईकरांना घरी आल्यासारखं वाटेल.

पॉम्पेईचं तिकीट वीस युरोच्या आसपास, नावावर मिळतं आणि नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे, तेव्हा ऑनलाइन काढून ठेवा. पूर्ण शहर आहे ते. रथांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या, पावसात रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड, गरम जेवण विकणाऱ्या दुकानांचे ओटे. सावली जवळपास नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि बरोबर काहीतरी खायला हवंच.

हर्क्युलेनियम त्याच लाइनवर अर्ध्या वाटेत, एर्कोलानो स्काव्ही थांबा. लहान, पण जास्त टिकलेलं, कारण ते पॉम्पेईसारखं राखेच्या थराखाली नाही, तर तप्त लोंढ्यांखाली वीसेक मीटर खोल गाडलं गेलं. लाकडी तुळया, खाटा, जळून कोळसा झालेले पाव टिकून आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी, लहान मुलं असणाऱ्यांनी हेच करावं. आईला घेऊन मी पॉम्पेई केलं आणि चुकले.

स्टेशनबाहेर ‘रांग नको, आमच्याबरोबर या’ म्हणणारे भेटतील. हसून पुढे चला.

काप्री बेट करायचंच आहे…

करा, पण स्वस्ताईच्या यादीतून काढून. होडी महाग, बेटावर सगळंच महाग. त्याऐवजी प्रोचिदा बघा. मासेमाऱ्यांची रंगीत घरं, छोटी गल्ली, समुद्र. २०२२ मध्ये हे बेट इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं. वेगवान होडीपेक्षा मोठी फेरी स्वस्त पडते, ती कालाता पोर्ता दी मास्सा या धक्क्यावरून सुटते.

आणखी काही मराठी माणसासाठी?

एक आहे, थोडं लांब. नेपल्स-रोम जुन्या मार्गावर कास्सिनो नावाचं गाव लागतं. तिथल्या युद्धस्मशानात चार हजारांहून जास्त कबरी आहेत, आणि ज्यांचा मृतदेह मिळाला नाही त्यांची नावं दगडांवर कोरली आहेत. त्यात रायगडमधल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे आहेत. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. प्रवेश फुकट. रोमहून कास्सिनोमार्गे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने येणार असाल तर वाटेत उतरता येतं.

चोऱ्यामाऱ्या होतात म्हणे?

खिसेकापू आहेत. गर्दीची लोकल, स्टेशनचा परिसर, बस. पर्स पुढे, मोबाइल मागच्या खिशात नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघताना फोन घट्ट. माझं दोन्ही खेपांना काही गेलं नाही. जास्त भीती मला स्कूटरची वाटते. एकीवर तिघं, गल्ली हातभर रुंद. रस्ता ओलांडताना थांबून राहिलात तर संध्याकाळ होईल. चालकाच्या डोळ्यांत बघत, एकाच वेगाने चालत राहायचं. पुणेकरांना वेगळं शिकवायला नको.

भाषेचं कसं?

‘बोनजोर्नो’ म्हटल्याशिवाय दुकानात काही मागू नका, उद्धटपणा समजतात. बाकी इंग्रजी, हातवारे आणि हसू यावर निभावतं. आई तर शेवटच्या दिवशी भाजीवाल्याशी मराठीत भाव करत होती. पन्नास सेंट कमी झाले.

घरी न्यायला काय घ्यावं?

सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत वर्षभर प्रेसेपेच्या मातीच्या बाहुल्या मिळतात. प्रेसेपे म्हणजे नाताळात घरोघरी करतात तो येशूजन्माचा देखावा, पण तो अगदी आपल्या दिवाळीच्या किल्ल्यासारखा असतो. डोंगर, पायऱ्या, विहीर, भाजीवाला, पिझ्झावाला, वर कुठेतरी बाळ येशू. दरवर्षी त्यात त्या त्या वर्षीचे पुढारी आणि फुटबॉलपटूही येतात. डिसेंबरात ही गल्ली बघण्यासारखी, पण चेंगराचेंगरीची. छोट्या बाहुल्या थोडक्या युरोत मिळतात. मी पिझ्झा भट्टीत सरकवणारा एक बोटभर माणूस आणला. भाच्याने तो या दिवाळीत मावळ्यांच्या रांगेत, बुरुजाखाली उभा केला.